केंद्राचे अनुदान आणि गावाची घरपट्टी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन हे, नावातच सांगितल्याप्रमाणे, रेल्वेने वाढविलेले गाव होय. निजामाच्या राजवटीत मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला, मूळ लासूर गावापासून काही अंतरावर स्थानक आले आणि त्याभोवती हळूहळू बाजारपेठ उभी राहिली. आज येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. कांदा, कापूस आणि भुसार मालाच्या निमित्ताने आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांचा येथे नित्य राबता असतो. गाडीने येणारे-जाणारे, शाळा-महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी, दवाखान्यात येणारे रुग्ण हे निराळेच. कायद्याच्या दृष्टीने मात्र अशा वस्तीचा कारभार ग्रामपंचायतीचा. छोट्या शहराइतका कचरा, छोट्या शहराइतकी पाण्याची मागणी आणि तिजोरी मात्र गावाची, अशी या बाजारगावांची स्थिती असते. म्हणूनच केंद्राकडून येणारे अनुदान आणि गावाने स्वतः वसूल केलेला कर यांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न अशा ठिकाणी अधिक स्पष्टपणे दिसतो.

ग्रामनिधीत पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) याच्या कलम १२४ अन्वये इमारती व मोकळ्या जागा यांवरील कर, म्हणजेच आपली घरपट्टी, तसेच पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार व आठवडी बाजारावरील फी इत्यादी बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे. दुसरी वाट अनुदानाची, आणि तिच्यात आज सर्वांत मोठा ओघ केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार येणाऱ्या रकमेचा आहे.

ही दुसरी वाट फार जुनी नाही. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिच्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० मध्ये भर पडली आणि पंचायतींच्या साधनसामग्रीस पूरक अशी उपाययोजना सुचविणे हे केंद्रीय वित्त आयोगाचे काम ठरले. घटनेने येथे 'पूरक' हाच अर्थ योजिला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. दहाव्या वित्त आयोगाने १९७१ च्या लोकसंख्येनुसार ग्रामीण भागासाठी दरडोई १०० रुपये सुचविले. तेथून पुढे रक्कम वाढत गेली. डॉ. वाय. व्ही. रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम सुचविली, आणि तीही केवळ ग्रामपंचायतींसाठी; जिल्हा परिषद व पंचायत समिती यांना त्यात वाटा नव्हता. श्री. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले व तिन्ही स्तरांना पुन्हा सामावून घेतले. महाराष्ट्रात ही वाटणी ग्रामपंचायतीस ८० टक्के, पंचायत समितीस १० टक्के व जिल्हा परिषदेस १० टक्के अशी करण्यात आली.

बंधित आणि अबंधित

पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचे दोन भाग होते. ६० टक्के रक्कम बंधित. तिच्यातील निम्मी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मी स्वच्छता व हागणदारीमुक्तीची स्थिती टिकविण्यासाठी. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित. ती गावाच्या निकडीच्या गरजांवर खर्च करता येत असे, परंतु वेतन व इतर आस्थापना खर्च त्यातून वर्ज्य होता.

एखाद्या ग्रामपंचायतीस वर्षाला २० लाख रुपये अनुदान मिळाले असे उदाहरणादाखल समजू. त्यापैकी ६ लाख पाण्यासाठी, ६ लाख स्वच्छतेसाठी व ८ लाख अबंधित. आता या ग्रामपंचायतीने स्वच्छता निधीतून कचरा वाहून नेण्यासाठी घंटागाडी घेतली. गाडी आली, तिची पूजा झाली, छायाचित्र निघाले. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न उभा राहतो तो गाडी चालविणाऱ्याच्या पगाराचा. अबंधित निधीतून तो देता येत नाही. तो देण्याचे हक्काचे साधन म्हणजे घरपट्टीचा पैसा. समजा, गावाची कराची मागणी १० लाखांची आहे आणि वसुली झाली ४ लाखांची. त्या ४ लाखांतून पाणीपुरवठा कर्मचारी, शिपाई, सफाई कामगार, कार्यालयाचा खर्च आणि शिवाय स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करण्याचे बंधन, हे सर्व भागवायचे आहे. घंटागाडी पंचायत कार्यालयामागे उभी का राहते, याचे उत्तर या बेरीज-वजाबाकीत आहे. दरवेळी त्यामागे कोणाचा गैरव्यवहारच असतो असे मानणे अन्यायाचे होईल.

अनुदानाने वस्तू उभी राहते आणि स्वतःच्या करावर ती चालते. ज्या गावाचा कर दुबळा, त्या गावात अनुदान वाढले की बंद पडलेल्या वस्तूंची संख्याही वाढू शकते.

याचा कटू अनुभव राज्याने २०२१ साली घेतला. पथदिव्यांची व नळयोजनांची वीजबिले थकल्यामुळे अनेक गावांत वीजजोडण्या तोडल्या जाऊ लागल्या. तेव्हा राज्य शासनाने पंधराव्या आयोगाच्या निधीतून ही बिले भरण्यास मुभा दिली: पाणीपुरवठ्याची बिले बंधित निधीतून व पथदिव्यांची अबंधित निधीतून. त्यास राज्यभर अनेक सरपंचांनी विरोध केला. विकासकामांचा पैसा बिलांत जाणार, ही त्यांची तक्रार खरी होती. परंतु गावात दिवाबत्ती कर बसविलेला असताना आणि पाणीपट्टीची मागणी नोंदविलेली असताना बिले मुळात थकली का, हा प्रश्नही तितकाच खरा होता. त्याची चर्चा फारशी झाली नाही.

जुळते अनुदान आणि दरडोई अनुदान

महाराष्ट्रात पंचायत राज्याची मांडणी झाली तेव्हा अनुदानाची कल्पना काहीशी वेगळी होती. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. त्या अधिनियमात प्रयोजन अनुदान, आस्थापना अनुदान यांबरोबरच स्थानिक उपकराच्या प्रमाणात मिळणाऱ्या जुळत्या अनुदानाचीही तरतूद होती. स्थानिक संस्थेने आपल्या लोकांवर थोडा भार टाकावा, मग शासनाने त्यात आपला वाटा घालावा, असे त्यामागील सूत्र होते. यात दोष नव्हता असे नाही. सधन भाग अधिक उपकर जमवू शकतो व त्याला अनुदानही अधिक मिळते. कोरडवाहू भाग मागे पडतो. मराठवाड्यासारख्या प्रदेशाने हा दोष अनुभवला असल्यास नवल नाही.

वित्त आयोगाच्या अनुदानाने हा दोष टाळला. चौदाव्या व पंधराव्या आयोगांनी राज्यांमधील वाटणीसाठी लोकसंख्येस ९० टक्के व क्षेत्रफळास १० टक्के भार दिला. डोकी मोजली की रक्कम ठरते. गाव गरीब की श्रीमंत, कर भरणारे की बुडविणारे, याचा संबंध उरत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे चांगले, पण प्रयत्नाच्या दृष्टीने त्यात एक फट राहिली. चौदाव्या आयोगाने ती बुजविण्याचा प्रयत्न केला होता. १० टक्के रक्कम कामगिरी अनुदान म्हणून बाजूला ठेवून ती मिळण्यासाठी लेखापरीक्षित हिशेब व स्वउत्पन्नातील वाढ अशा दोन अटी घातल्या होत्या. पंधराव्या आयोगाने शहरांना मालमत्ता कराचे किमान दर ठरविण्याची व वसुली वाढविण्याची अट घातली, ग्रामपंचायतींना मात्र हिशेब तयार करून लोकांसमोर ऑनलाइन ठेवण्याचीच अट ठेवली. शहराला जे सांगितले ते बाजारगावालाही सांगावयास हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडमधील अनुभव

हा पेच केवळ आपलाच नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदा शतकाहून अधिक काळ केंद्राचे अनुदान व स्थानिक कर अशा दोन पायांवर चालत आल्या आहेत. १९७४ साली तेथे नेमलेल्या लेफील्ड समितीने १९७६ च्या अहवालात जो खर्च ठरवितो त्यानेच पैसा उभा करण्याची जबाबदारीही घ्यावी, तरच मतदाराला जाब विचारता येतो, या आशयाची भूमिका मांडली. प्रत्यक्षात गाडी उलट दिशेने गेली. १९८४ च्या कायद्याने परिषदांच्या कर वाढविण्यावर केंद्राने मर्यादा घालण्यास सुरुवात केली. १९९३ पासून कौन्सिल टॅक्स हा घरांवरील कर आला, आणि २०११ च्या कायद्यानंतर तो ठराविक मर्यादेपलीकडे वाढवावयाचा तर स्थानिक सार्वमत घेणे आवश्यक झाले.

अशा रीतीने एक पाय बांधलेला असताना दुसरा पाय आखूड झाला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१०-११ ते २०१७-१८ या काळात परिषदांना मिळणारा केंद्राचा निधी, महागाई लक्षात घेता, ४९.१ टक्क्यांनी घटला. वृद्ध, अपंग व निराधार मुले यांची काळजी घेणे परिषदांवर कायद्याने बंधनकारक असल्यामुळे कात्री लागली ती ग्रंथालये, बससेवा, उद्याने यांना. फेब्रुवारी २०१८ मध्ये नॉर्थम्प्टनशायर परिषदेने नव्या खर्चावर बंदी घालणारी नोटीस काढली. २०२१ साली ती परिषदच विसर्जित करून तिच्या जागी दोन नव्या संस्था आणाव्या लागल्या. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहरावरही तशी नोटीस काढण्याची वेळ आली. कारणे प्रत्येक ठिकाणी निराळी होती आणि कारभारातील चुकाही होत्या, परंतु अनुदानावर विसंबलेल्या संस्थेचे निर्णय दूरच्या राजधानीत होतात, ही बाब दोन्हीकडे समान राहिली.

तिचा प्रत्यय आपल्याकडेही आला आहे. रीतसर निवडून आलेले सभागृह असल्याशिवाय वित्त आयोगाचा निधी मिळत नाही. २०२२ साली राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या व प्रशासक आले. या दोन स्तरांचा वाटा त्यामुळे अडकला. गावकऱ्यांचा यात कोणताच दोष नव्हता.

ज्यांची गणना होत नाही

लासूर स्टेशनसारख्या गावाची अडचण याहूनही थोडी पुढची आहे. पंधराव्या आयोगाने २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली. जनगणना मोजते ती गावात राहणारी माणसे. बाजारासाठी आलेला शेतकरी, गाडीची वाट पाहणारा प्रवासी, खोलीभाड्याने राहणारा हंगामी मजूर हे पाणी पितात, रस्ता वापरतात, कचरा करतात, पण त्यांची गणना त्यांच्या मूळ गावी झालेली असते आणि त्यांच्या नावाचे अनुदानही तेथेच जाते. २०११ नंतर गावात वाढलेली वस्ती तर कोठेच मोजली गेली नाही.

शिवाय ज्या दोन संस्थांमुळे गाव वाढले, त्यांपासून ग्रामपंचायतीस होणारी प्राप्ती मर्यादित आहे. रेल्वेची मालमत्ता संघराज्याची असल्याने अनुच्छेद २८५ अन्वये तिला स्थानिक करातून सूट आहे. शेतमालाच्या खरेदी-विक्रीवरील बाजार शुल्क १९६३ च्या अधिनियमानुसार बाजार समितीकडे जाते व ते बाजाराच्या सोयींसाठीच असते. उरतात ती घरे, दुकाने, गोदामे आणि आठवडी बाजाराची फी.

म्हणून नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही येथे विशेष महत्त्वाची ठरते. २०१५ च्या अखेरीस ग्रामीण भागातील इमारतींवरील कर भांडवली मूल्यावर आधारित करण्यात आला. बांधकामाचा प्रकार, वय व वापर यांनुसार आकारणी होते आणि व्यापारी वापरास निवासी वापराहून अधिक दर लागतो. एखाद्या घराच्या तळमजल्यावर पाच गाळे निघाले आणि नोंदवहीत ते अद्याप राहते घर म्हणूनच असले, तर गावाचे नुकसान दरवर्षी होत राहते. ही नोंद दुरुस्त करणे अप्रिय काम आहे. गाळ्याचा मालक बहुधा सदस्याचा नातलग किंवा शेजारी असतो, आणि अनुदान वेळेवर येत असेपर्यंत कोणी त्यासाठी वाईटपणा घेत नाही.

'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात ग्रामसभा आराखडा तयार करते तेव्हा चर्चा बहुधा येणाऱ्या रकमेवर होते. त्याच सभेत नमुना ९ मधील मागणी व वसुलीचे आकडे वाचून दाखविल्यास, आणि आराखड्यातील प्रत्येक कामापुढे ते वर्षभर चालविण्याचा खर्च व तो कोणत्या करातून भागणार हे लिहिल्यास, घंटागाडी घ्यावयाची की आधी चालकाची तरतूद करावयाची, हा वाद त्या बैठकीतच होईल. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड सुरू होतो आणि पुढील जनगणना २०२७ साली आहे. तोवर ज्या गावांनी आपली नोंदवही स्वतः अद्ययावत केलेली असेल, त्यांच्याजवळ निदान आपल्या गावात आज किती घरे आणि किती गाळे आहेत याचा आकडा तयार असेल.