घटस्फोट आणि सुहृदांचा धर्म

गेल्या चातुर्मासात आमच्या अभ्यासवर्गात उद्योगपर्वाचे वाचन चालू होते. एके दिवशी वाचन आटोपल्यावर एका भगिनीने प्रश्न विचारला. प्रश्न पर्वातला नव्हता, घरचा होता. ज्या दांपत्याशी त्यांचा वीस वर्षांचा घरोबा, त्या दांपत्याने न्यायालयातून फारकत घेतली होती. आता चैत्रातील हळदीकुंकवाचे बोलावणे तिला करावे की करू नये? श्रावणातील सत्यनारायणास त्याला बोलाविले, तर ती येईल काय? आणि ही अडचण नको म्हणून दोघांनाही वगळले, तर वीस वर्षांच्या स्नेहाचे काय झाले म्हणावे?

क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकदम सारेच बोलू लागले आणि पाच-सात मिनिटांत वर्गाचे सरळ दोन पक्ष पडले. ज्यांनी त्या पतिपत्नींस कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तेही कोणत्या ना कोणत्या पक्षात जाऊन बसले. त्या भगिनी मात्र पोथी मिटून गप्प बसून राहिल्या. त्यांच्या प्रश्नास त्या दिवशी उत्तर मिळाले नाही, आणि ते देणे आम्हांवर ऋण आहे असे तेव्हापासून वाटत आले.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पतिपत्नींच्या वियोगास आपण आज 'घटस्फोट' म्हणतो. जुन्या बोलीत त्यास सोडचिठ्ठी, काडीमोड अथवा फारकत असे शब्द होते, आणि अनेक जातींत ही रीत पूर्वापार मान्य होती. घटस्फोट हा शब्द मात्र धर्मशास्त्रातला असून तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीची माहिती दिली आहे, आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो विधी वर्णिला आहे. महापातक करून जो प्रायश्चित्त घेत नाही, त्याचे सपिंड व बांधव गावाबाहेर अशुभ दिवशी सायंकाळी जमत. दासी पाण्याने भरलेला घट पायाने उलथून टाकी. आणि त्या क्षणापासून त्या मनुष्याशी बोलणे, एकत्र बसणे, देणेघेणे, सारे बंद होई. म्हणजे मूळचा घटस्फोट नवराबायकोचा नव्हेच. तो भोवतालच्या लोकांनी एका माणसाशी केलेला आहे.

हा अर्थ ध्यानी घेतला म्हणजे आमच्या वर्गात काय घडले ते उमगते. विवाह दोघांचा मोडला. परंतु घट फोडण्यास आम्ही सारे निघालो होतो. वाद इतकाच होता की घट कोणाच्या नावाचा. आणि त्याच अध्यायात पुढे जे सांगितले आहे त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पतिताने प्रायश्चित्त केल्यावर त्याच बांधवांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे व पाण्याने भरलेला नवा घट त्यात सोडावा, असे तेथे म्हटले आहे. स्त्रीचा घट फुटला असला, तरी तिला अन्न, पाणी व वस्त्र द्यावे आणि तिने घराजवळ राहावे, असेही आहे. महापातक्यासाठीही इतकी वाट मोकळी ठेवणारे शास्त्र आमच्या हातात, आणि ज्यांनी कसलेही पातक केले नाही, केवळ ज्यांचे एकत्र राहणे अशक्य झाले, त्यांच्याविषयी आमची ही घाई!

हैदराबादेत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अधिक जाचतो, आणि त्यास कारण आहे. आपली वस्ती विरळ. काचीगुडा, बडी चावडी, बरकतपुरा या भागांत जुनी घरे. बाकीची कुटुंबे शहरभर पांगलेली. तेच ग्रंथसंग्रहालय, तीच विवेकवर्धिनी, तोच गणेशोत्सव, तेच मंदिर. ज्यांस टाळावयाचे ते आरतीच्या वेळी समोर उभे असतात. शिवाय सख्खे भाऊ, दीर, मामा नांदेडला, औरंगाबादेला किंवा त्याहून दूर. त्यामुळे येथे जो स्नेही तोच आप्त होतो. मुले ज्यांस काका-मावशी म्हणतात, त्यांच्याशी रक्ताचा संबंध बहुधा नसतोच. अशा ठिकाणी दांपत्य विभक्त झाले, म्हणजे मुलांचे आईबाप वेगळे होतात एवढ्यावर भागत नाही. अर्धे काका आणि अर्ध्या मावश्याही नाहीशा होतात.

महाभारतात दांपत्याचा नाही, पण एका कुलाचा विच्छेद आहे, आणि दोन्ही बाजूंचे स्नेही असणाऱ्यांची कोंडी व्यासांनी जितकी बारकाईने दाखविली आहे तितकी क्वचितच कोठे आढळेल. बलराम घ्या. भगिनी सुभद्रा पांडवांकडे दिलेली. पुतण्या सांब हा दुर्योधनाचा जावई, आणि तो विवाह हस्तिनापुरास जाऊन तडीस नेला तो बलरामांनीच. गदायुद्धात भीमही शिष्य, दुर्योधनही शिष्य. दोन्ही पक्षांस सारखे साहाय्य करावे हे त्यांचे म्हणणे श्रीकृष्णांनी मानले नाही, तेव्हा ते सरस्वतीकाठच्या तीर्थांच्या यात्रेस निघून गेले. पुष्य नक्षत्रावर निघाले, बेचाळीस दिवसांनी श्रवणावर परतले, ते नेमके भीम-दुर्योधनांच्या गदायुद्धाच्या दिवशी. भीमाने नियम मोडून मांडीवर प्रहार केला, आणि इतके दिवस तटस्थ राहिलेले बलराम नांगर उगारून धावले. श्रीकृष्णांनी त्यांस मिठीत धरून आवरले. तरी त्यांचे समाधान झाले नाही आणि ते रागानेच द्वारकेस गेले.

कित्येक कीर्तनकार बलरामांच्या तटस्थतेची वाखाणणी करतात. आमचे मत किंचित वेगळे आहे. ज्या दिवसांत समजावणे शक्य होते त्या दिवसांत ते दूर होते. आले ते शेवटच्या प्रहराच्या वेळी, आणि जे डोळ्यांसमोर दिसले तेवढ्यावरच त्यांनी निवाडा दिला. द्यूत, वस्त्रहरण, वनवास हे सारे मागे पडले, एक मांडी तेवढी पुढे राहिली. आमच्या ओळखीतील किती तरी मंडळी असेच करतात. "आम्ही कोणाच्या भानगडीत पडत नाही" म्हणून वर्ष दोन वर्षे फिरकत नाहीत, आणि पुढे एखाद्या मंगल कार्यात एकाची एक चूक पाहून कायमचे मत बनवितात.

श्रीकृष्णांचे वागणे याच्या उलट. आपण कोणाचे हे त्यांनी लपविले नाही. तरी दुर्योधन दारी आला तेव्हा त्यास रिक्तहस्ते पाठविले नाही; सैन्य दिले. शिष्टाईस हस्तिनापुरास गेले, परंतु उतरले विदुराच्या घरी, आणि दुर्योधनाचे जेवण नाकारताना त्याचे कारण त्याच्या तोंडावर सांगितले. आत एक आणि बाहेर एक असे काही ठेवले नाही. ज्याची एकाकडे ओढ अधिक आहे अशा मित्राने दुसऱ्याशी कसे वागावे, याचा हा पाठ आहे. ओढ समान नसते. ती समान असल्याचे सोंग मात्र दोघांनाही कळते.

आणि तिसरे उदाहरण सात्यकी व कृतवर्मा यांचे. दोघेही यादव. युद्धात एक पांडवांकडून लढला, दुसरा कौरवांकडून. युद्ध संपले. धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्याच घरी राहिला. ज्यांचे मूळ भांडण, त्या दोन घरांची चूल एक झाली. पण छत्तीस वर्षांनंतर प्रभासक्षेत्री मद्याच्या भरात सात्यकीने कृतवर्म्यास निजलेल्यांना मारल्याचा टोमणा मारला. कृतवर्म्याने भूरिश्रव्याची आठवण काढली. सात्यकीने त्याचे मस्तक उडविले. आणि त्या एका जुन्या उण्यादुण्यातून यादवकुळाचा नाश झाला. दुसऱ्यांच्या भांडणात घेतलेला पक्ष ते भांडण मिटल्यावरही आपल्या अंगी कसा शिल्लक राहतो, हे मौसलपर्व वाचावे म्हणजे कळते. आमच्याच शहरात अशी दोन कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. ज्या पतिपत्नींवरून ती एकमेकांस दुरावली, ती पतिपत्नी आता मुलीच्या परीक्षेविषयी, शुल्काविषयी एकमेकांशी सरळ बोलतात. ही दोन कुटुंबे अजून एका पंक्तीस बसत नाहीत.

पुराणकाळातून आपल्या गावात येऊ. नामपल्लीकडे जाताना ॲबिड्सजवळ 'गोल्डन थ्रेशोल्ड' ही वास्तू लागते. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांचे ते घर. 1974 साली स्थापन झालेले हैदराबाद विद्यापीठ प्रथम तेथेच भरले. सरोजिनी नायडू आणि कवी हरींद्रनाथ ही त्यांची अपत्ये. धाकटी कन्या सुहासिनी मद्रासच्या क्वीन मेरी महाविद्यालयात शिकत असता मंगळूरच्या सारस्वत घराण्यातील कमलादेवी तिची मैत्रीण झाली. कमलादेवी बालविधवा. सुहासिनीनेच तिची आपल्या भावाशी ओळख करून दिली, आणि लोकापवाद सोसून दोघांचा विवाह झाला. पुढे तो विवाह टिकला नाही. कमलादेवींनी न्यायालयातून घटस्फोट घेतला. ज्या मैत्रिणीने गाठ घालून दिली तिच्यासाठी एका बाजूस सख्खा भाऊ आणि दुसऱ्या बाजूस जिवाची सखी, असा हा प्रसंग. सरोजिनीबाईंसाठीही भाऊ आणि सहकारी अशी तीच गाठ. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात सरोजिनीबाई धारासण्यास आणि कमलादेवी मुंबईस, दोघीही एकाच कार्यात होत्या. कमलादेवींनी हस्तकला व रंगभूमीसाठी पुढे जे डोंगराएवढे काम केले ते चट्टोपाध्याय याच नावाने, आणि 1988 साली निवर्तल्या त्याही त्याच नावाने. विवाह मोडल्याने नाव टाकावेच लागते असे नाही, हे आपल्या गावाशी नाते असलेल्या या स्त्रीकडे पाहून कळते.

ज्यांस हा सारा प्रकार कलियुगाचा वाटतो त्यांच्यासाठी दोन शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परद्वेषामुळे होणाऱ्या विवाहमोक्षाचा उल्लेख आहे, जरी धर्मविवाहांस त्याने तो नाकारला आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली, मुंबई प्रांतात 1947 साली, आणि सर्व देशातील हिंदूंसाठी 1955 च्या विवाह कायद्याने घटस्फोटाची तरतूद झाली. परस्पर संमतीचे कलम 1976 साली आले. त्याच 1976 च्या दुरुस्तीतील एक गोष्ट फारशा कोणास ठाऊक नसते. न्यायालयाने समेटाचा यत्न करावा हे कायद्यात होतेच. आता त्यासाठी काम जास्तीत जास्त पंधरा दिवस तहकूब ठेवून, पक्षकारांनी नाव सुचविलेल्या व्यक्तीकडे तो विषय सोपविता येतो. ही व्यक्ती वकील असलीच पाहिजे असे नाही. भांडणाऱ्या दोघांच्याही तोंडी एकच नाव येऊ शकेल, असा मनुष्य त्यांच्या भोवती असेल, हे कायद्याने गृहीत धरले आहे. ज्याने पहिल्याच महिन्यात घट फोडला त्याचे नाव तेथे कोण घेणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. जेथे मारहाण आहे, छळ आहे, तेथे दोघांचे स्नेही राहण्याची भाषा हा भ्याडपणा होय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने असा प्रकार घडत असल्याचे वाटणाऱ्या कोणासही संरक्षण अधिकाऱ्यास कळविता येते, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर दायित्व येत नाही. अशा वेळी सखीस घरात जागा द्यावी, बरोबर जावे आणि विचारले असता जे पाहिले ते सांगावे. पाहिले तेवढेच. ऐकलेले नव्हे.

ऐकलेल्या गोष्टींविषयी आम्हांस अधिकाराने बोलता येते, कारण तो अपराध आम्हीच केला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या निकटच्या एका दांपत्याचे बिनसले. ते आमच्याकडे येऊन बोलत, त्या आमच्या घरातल्यांकडे येऊन बोलत. आम्ही भल्या हेतूने, समेट व्हावा म्हणून, इकडचे तिकडे सांगत राहिलो. नेताना शब्द थोडा सौम्य करीत असू. पण रागातले वाक्य दुसऱ्या घरी पोहोचले की ते वाक्यच राहते, त्यामागचे रडणे पोहोचत नाही. एके दिवशी त्या भगिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आलात की आता मला भीती वाटते." त्या दिवसापासून आम्ही निरोप नेणे सोडले. घर मोडले ते मोडलेच. परंतु त्यांचे येणे तुटले नाही, आणि ते गृहस्थही एकादशीस भजनाला येतात. एकाच एकादशीस दोघे येत नाहीत. कोणी कोणास न सांगता शुद्ध आणि वद्य अशी वाटणी झाली आहे. मुलगा दोन्ही एकादशींस येतो.

आता त्या भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे. हळदीकुंकवास तिला बोलवावे. बोलावणे मैत्रिणीला आहे, तिच्या नवऱ्याला नव्हे. (विधवा भगिनींसही बोलवावे असे आमचे मत आहे, पण तो निराळा लेख होईल.) सत्यनारायणास दोघांनाही कळवावे आणि दुसऱ्यासही बोलाविले आहे हे दोघांस आधीच सांगावे, म्हणजे प्रसादाच्या वेळी कोणास अवचित सामोरे जावे लागणार नाही. कोण यावे, कोण न यावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मुले आली असता त्यांच्यासमोर कोणाच्याही आईचा वा वडिलांचा विषय काढू नये. आणि "खरे काय घडले?" असे कोणी विचारल्यास आपल्यास ठाऊक असले तरी प्रसादाची वाटी पुढे करावी.

पुढील वर्गात मौसलपर्वाचे वाचन आरंभिण्याचे योजिले आहे. वर्ग नेहमीप्रमाणे एकादशीस सायंकाळच्या आरतीनंतर भरेल. सभासद कुटुंबांनी पोथी बरोबर आणावी. ज्यांच्याकडे नसेल त्यांस शेजारच्याच्या पोथीत पाहता येईल.