द्विकर्मक क्रियापद आणि शब्दक्रम

जबलपूरच्या मराठी घरात सासू सुनेला सांगते, 'आज बाळ डॉक्टरांना दाखव.' 'दाखव' हे द्विकर्मक क्रियापद आहे. 'बाळ' हे प्रत्यक्ष कर्म, तर 'डॉक्टरांना' हे अप्रत्यक्ष कर्म होय. 'ना' या प्रत्ययामुळे शब्दांची जागा बदलली तरी अर्थ टिकतो; हिंदीत हेच कार्य 'को' करतो.

इंग्रजीत मात्र कर्मांचे स्थान अर्थ ठरवते : 'शो द डॉक्टर द बेबी टुडे.' कर्मांची अदलाबदल केल्यास 'बाळाला डॉक्टर दाखव' असा उलट अर्थ होतो. 'टुडे' हे क्रियाविशेषण क्रियापद व कर्म यांच्यामध्ये येत नाही. 'बेबी'ऐवजी सर्वनाम आल्यास ते आधी येते व पुढे 'टू' लागतो : 'शो हिम टू द डॉक्टर.' 'टू' गाळल्यास अर्थ पुन्हा उलटतो. म्हणून वाक्यरचनेपूर्वी दोन्ही कर्मे ओळखावीत.