लहान ट्रॅक्टरचे ढिले पेडल : कारणे, दुरुस्ती व निगा

परभणी जिल्ह्यातील जमीन बहुतांशी काळी व भारी आहे. पावसाळ्यात ती फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळून तिची बारीक धूळ होते. कापूस, सोयाबीन व तूर ह्या पिकांच्या मशागतीसाठी तसेच गोदाकाठच्या उसासाठी जे लहान ट्रॅक्टर ह्या जमिनीत राबतात, त्यांच्या पायाखालच्या भागांत हाच चिखल व हीच धूळ वर्षानुवर्षे शिरत असते. ग्रीसमध्ये मिसळलेली धूळ कानशीप्रमाणे काम करते. तिच्यामुळे बुश व शाफ्ट झिजतात आणि पेडल ढिले होते.

दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावरून तयार झालेला स्वराज ७२४ हा ट्रॅक्टर १९७४ साली बाजारात आला. तेव्हापासून लहान ट्रॅक्टरांत पुष्कळ सुधारणा झाल्या. परंतु पेडल, शाफ्ट, जोडदांडा व क्लच ही मांडणी बहुतेकांत मूलतः तीच राहिली आहे. त्यामुळे पुढील माहिती बहुतेक जुन्या लहान ट्रॅक्टरांस उपयोगी पडेल. मोजमापे मात्र ज्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतीलच घ्यावीत.

ढिलाईकडे दुर्लक्ष का करू नये

क्लचच्या पेडलने इंजिनची शक्ती चाकांस जोडली व तोडली जाते. पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्णपणे सुटला नाही, तर गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर हळूहळू सरकत राहतो. अवजार जोडताना ट्रॅक्टर मागे घ्यावा लागतो व त्या वेळी मागे मदतनीस उभा असतो. ट्रॅक्टर वीतभर अधिक सरकला, तरी त्याचा हात किंवा पाय अवजारात सापडू शकतो. विहिरीच्या काठाशी अथवा नाल्याच्या बांधावर वळताना धोका ह्याहूनही मोठा असतो. म्हणून ढिले पेडल ही केवळ गैरसोय समजू नये.

मोकळी चाल आणि ढिलाई ह्यांतील फरक

पेडल दाबू लागताच पहिले काही अंतर ते सहज खाली जाते व नंतर पायास जोर लागतो. ह्या पहिल्या अंतरास मोकळी चाल म्हणतात. ती आवश्यक असते. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असते. मोकळी चाल मुळीच नसेल, तर रिलीज बेअरिंग क्लचच्या बोटांवर सतत घासते, क्लच घसरतो व प्लेट जळते. ती फार वाढली, तर क्लच सुटत नाही व गिअर टाकताना खरखर होते.

ढिलाई ही झिजेमुळे येते. समजा, पेडल शाफ्टपासून ३०० मिलिमीटर लांब आहे व जोडदांडा धरणारा खालचा हात ६० मिलिमीटरचा आहे. येथे खालची हालचाल पायापाशी पाचपट होते. जोडदांड्याच्या पिनीत केवळ २ मिलिमीटर झीज असली, तर पायाखाली १० मिलिमीटर चाल वाढते. अशा वेळी अनेक जण जोडदांडा आवळून चाल कमी करतात. पेडल तात्पुरते बरे वाटते. पण पिनीचे भोक झिजतच राहते व एके दिवशी पिन तुटून पेडल रिकामे खाली जाते. ह्यासाठी आधी झीज शोधावी, ती दूर करावी आणि जुळणी सर्वांत शेवटी करावी. हा क्रम कधीही बदलू नये.

दोष कसा ओळखावा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी, हँडब्रेक लावावा आणि मागील चाकांच्या पुढेमागे दगड किंवा लाकडी ठोकळे ठेवावेत. चिखल खरवडून जोड उघडे करावेत. एकाने पेडल हाताने हळू हलवावे व दुसऱ्याने खाली पाहावे.

१. पेडल डावीउजवीकडे डुलत असेल, तर बुश किंवा शाफ्ट झिजलेला आहे.

२. पेडल शाफ्टवर पक्के बसवलेले असूनही पेडल हलते आणि शाफ्ट स्थिर राहतो असे दिसल्यास, की झिजलेली आहे किंवा आवळणारा बोल्ट ढिला आहे.

३. खालचा हात हलतो, परंतु जोडदांडा उशिरा हलतो असे दिसल्यास पिन व तिची भोके झिजली आहेत.

४. पेडल वर येत नसेल, तर परत आणणारी स्प्रिंग तुटली आहे किंवा बुश गंजून जाम झाला आहे.

५. सर्व जोड घट्ट असून केवळ चाल अधिक असेल, तरच जोडदांड्याची जुळणी पुरेशी होते.

काही विदेशी लहान ट्रॅक्टरांत तेलाच्या दाबाने चाल मिळते व पेडल दाबताच ट्रॅक्टर चालू लागतो. तेथे पाय काढल्यावर पेडल मध्यावर परत न येणे हा गंभीर दोष होय. त्याची जुळणी जाणकार मेस्त्रीकडूनच करून घ्यावी.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम मोकळी चाल फूटपट्टीने मोजून लिहून ठेवावी व जोडदांड्यावरील नटाच्या जागी खूण करावी. स्प्रिंग पक्कडीने सावकाश सोडवावी. ती उसळून डोळ्यास इजा करू शकते. मग कॉटर पिन व जोडाची पिन काढून पेडल शाफ्टवरून ओढून घ्यावे. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत.

सर्व भाग डिझेलने धुऊन पुसावेत. शाफ्टवरून नख फिरवावे. नख अडकेल अशी पायरी जाणवली, तर केवळ नवा बुश घालून उपयोग नाही. शाफ्ट बदलावा किंवा लेथवर तयार करून घ्यावा. जुना बुश योग्य मापाच्या दांड्याने ठोकून काढावा. नवा बुश शिकंजात सरळ दाबून बसवावा. बुशाचे तेलाचे भोक ग्रीस निपलच्या समोर आले आहे, ह्याची खात्री करावी. भोक चुकल्यास वरून कितीही ग्रीस भरले, तरी ते शाफ्टपर्यंत पोचत नाही. दाबून बसवल्यावर बुश किंचित आवळतो. पेडल हाताने सहज फिरेल इतपत तो लेथवर साफ करून घ्यावा.

अंडाकृती झालेली भोके भरून पुन्हा योग्य मापाची पाडून घ्यावीत. वेल्डिंग करावयाचे असल्यास तो भाग ट्रॅक्टरवरून काढून दूर न्यावा. पिनीच्या जागी खिळा, कॉटर पिनीच्या जागी तार आणि बुशाच्या जागी पत्र्याची पट्टी हे उपाय करू नयेत. कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. तिची किंमत अत्यल्प असते.

जुळणी व चाचणी

भाग बसवून ग्रीस दिल्यावर जोडदांड्याचा लॉकनट सैल करावा, दांडा अर्धा-अर्धा फेरा फिरवून प्रत्येक वेळी चाल मोजावी व पुस्तिकेतील माप आल्यावर लॉकनट पक्का आवळावा. मग हँडब्रेक व ठोकळे काढून मोकळ्या, सपाट जागी चाचणी घ्यावी. ट्रॅक्टरच्या पुढेमागे कोणी उभे राहू नये. पेडल पूर्ण दाबून क्षणभर थांबावे व सर्वांत खालचा गिअर टाकावा. खरखर झाली नाही आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर काम बरोबर झाले असे समजावे. तो सरकत असल्यास दोष क्लचच्या आत आहे. तेव्हा जोडदांडा आणखी आवळत न बसता ट्रॅक्टर मेस्त्रीकडे न्यावा.

ह्याच वेळी उजवीकडील दोन्ही ब्रेक पेडलही तपासावेत. त्यांची मोकळी चाल सारखी असावी. रस्त्यावर ट्रॉली ओढताना दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडलेले असावेत. अन्यथा एकच चाक धरून ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो व उलटण्याचे भय असते.

नेहमीची निगा

चालताना क्लचच्या पेडलवर पाय ठेवून बसण्याची सवय सोडावी. चिखलात काम झाल्यावर पेडलखालचा भाग त्याच दिवशी धुवावा. काळी माती वाळली की दगडासारखी होते. धुतल्यानंतर जुने मळलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरावे. मृगाच्या पेरणीपूर्वी, उन्हाळ्यातच, सर्व पिनी व बुश एकदा पाहून घ्यावेत. त्या वेळी दुरुस्तीस सवड असते. पेरणीचा वाफसा मात्र मेस्त्रीसाठी थांबत नाही.