लक्ष्मीबाई कोणत्या शाळेंत शिकल्या ?

गेल्या वर्षीं आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थिनीचे वडील आमच्याकडे आले. मुलीची आई आजारी, घरांत दोन लहान भावंडें. तेव्हां मुलीस शाळेंतून काढावें असा त्यांचा विचार ठरला होता. आम्ही आमच्या परीनें त्यांस समजावूं लागलों. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "मास्तर, तुम्हींच मुलांना लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगतां ना ? घर, मंडळी, गोरगरीब, सगळ्यांचें त्यांनीं केलें, पुस्तकें लिहिलीं. त्या कोणत्या शाळेंत शिकल्या ?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं. घरीं आल्यावर आम्हीं 'स्मृतिचित्रें' पुन्हां पहिल्या पानापासून वाचावयास घेतलीं. हा लेख म्हणजे त्या गृहस्थांस उशिरां दिलेलें उत्तर होय. आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं तें एकत्र बसून वाचावें अशी इच्छा आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजीं नाशिकजवळील जलालपूर गांवीं गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. वडिलांचें सोंवळें अत्यंत कडक होतें, आणि त्या सोंवळ्याचा जाच घरांतील लहानथोर सर्वांस सोसावा लागे. मुलींनीं शाळेंत जाण्याची त्या घरांत गोष्टच नव्हती. १८८० सालीं, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, नारायण वामन टिळकांशीं त्यांचें लग्न झालें. टिळक कवि होते, विद्वान् होते, मनानें उदार होते. परंतु एका गांवीं वा एका नोकरींत त्यांचा पाय ठरत नसे, आणि हातीं आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेस देऊन टाकण्याची त्यांची रीत होती. अशा पुरुषाचा संसार कसा चालत असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

ह्याच टिळकांनीं आपल्या पत्नीस अक्षरओळख करून दिली. म्हणजे पालकांच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें कीं, लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नाहींत हें खरें, पण त्या शिक्षकावांचून राहिल्या हें खरें नव्हे. महाराष्ट्रांतील एक थोर कवि त्यांच्या घरांत शिक्षक म्हणून राहत होता. असा शिक्षक किती मुलींच्या वांट्यास येतो ?

पुढें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण प्रसंग आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आपल्या नातलगांत होत्या. पदरीं १८९१ सालीं जन्मलेला दत्तु. पति जिवंत असून नसल्यासारखा, समाजाचे डोळे आपल्याकडे, आणि उद्यांची चिंता. सुमारें साडेचार वर्षें त्यांनीं अशा वियोगांत काढलीं. ह्या दुःखांत नातलगांनीं त्यांस आधार दिला, हेंहि विसरतां कामा नये.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. अहमदनगरास येऊनहि त्यांनीं आपला आचार सोडला नाहीं. आपलें अन्नपाणी वेगळें ठेविलें. पतीनें धर्म बदलला म्हणून आपणहि बदलावा, हें त्यांच्या मनास पटलें नाहीं. त्या पाहत राहिल्या व विचार करीत राहिल्या. जातिभेद हा देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, अशी त्यांची स्वतःची खात्री पटली, तेव्हांच त्यांनीं शिवाशीव सोडली. आणि १९०० सालीं स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. कोणास त्यांचा निर्णय मान्य होईल, कोणास होणार नाहीं. पण तो त्यांचा स्वतःचा होता, ह्याविषयीं दुमत होऊं नये.

त्यानंतर त्यांचें घर एका कुटुंबाचें राहिलें नाहीं. दुष्काळानें व रोगराईनें पोरकीं झालेलीं मुलें त्या घरांत आलीं व वाढलीं. ज्या बाईच्या बालपणीं परक्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, तिनेंच कोणाचीं कोण अशीं मुलें न्हाऊं-माखूं घातलीं. प्लेगाच्या साथींत लोक घरें सोडून रानांत राहावयास जात, त्या काळीं त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. जळगांवास १९०७ सालीं भरलेल्या कविसंमेलनांत ज्यांस 'बालकवि' ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरास टिळकांच्या घरीं राहिले, ते लक्ष्मीबाईंच्या मायेंत. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. ठरलेलें वेतन थांबलें, तरी घर चालविणें लक्ष्मीबाईंस सुटलें नाहीं.

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले. 'ख्रिस्तायन' हें त्यांचें महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबलें होतें. तें पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें आणि चौसष्ट अध्याय रचिले. शेवटचा शहात्तरावा अध्याय चिरंजीव देवदत्त यांनीं लिहिला व १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ ह्या काळांत चार भागांनीं निघालीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाईंचें नाशिक येथें देहावसान झालें. त्या पुस्तकाची भाषा घरांत बोलतात तशी आहे. त्यांत पतीचे दोष आहेत, स्वतःची फजिती आहे, रडूं आहे आणि त्याहून अधिक हंसूं आहे. कोणाविषयीं द्वेष मात्र नाहीं. २०१७ सालीं शांता गोखले यांनीं केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, म्हणजे ऐंशीं वर्षांनंतरहि त्याची गोडी कमी झालेली नव्हती.

आतां त्या प्रश्नाचें दुसरें उत्तर. 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग निघाला तेव्हां लक्ष्मीबाईंचें वय सहासष्ट वर्षांचें होतें. जें त्यांच्याजवळ होतें तें महाराष्ट्राच्या हातीं पडावयास इतकीं वर्षें लागलीं. ज्यांच्याजवळ असेंच कांहीं होतें, पण ज्यांस घरीं शिकविणारा टिळक भेटला नाहीं, अशा किती बाया त्यांच्या पिढींत न बोलतां गेल्या असतील ! एक माणूस पूर आलेली नदी पोहून पार झाला, म्हणून गांवाला पूल नको, असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं. लक्ष्मीबाईंचें चरित्र शाळेच्या विरुद्ध साक्ष देत नाहीं; शाळा नसली म्हणजे किती सोसावें लागतें, ह्याची तें साक्ष देतें.

तिसरें उत्तर आम्हां सर्वांस लागू आहे, आणि तें देतांना आम्हांस थोडी लाज वाटते. आजारी आईची सेवा करणें, भावंडें सांभाळणें हें पवित्र काम आहे. तें कमी लेखण्याचें आमच्या मनांतहि नाहीं. पण तें सर्व ओझें तेरा वर्षांच्या एकट्या मुलीच्या डोक्यावर ठेवून, आपण मंडळींत सेवेवर भाषणें करावीं, ह्याला सेवा कसें म्हणावें ? लक्ष्मीबाईंनीं दुसऱ्यांचीं मुलें आपल्या घरांत घेतलीं. आम्हीं त्या मुलीच्या घरीं, तिचे वडील येऊन गेल्यावर, एकदांहि पाऊल टाकलें नव्हतें.

पुस्तक वाचून संपल्यावर आम्ही तेथें गेलों. मंडळींतील दोन-तीन वडीलधाऱ्या बायांनीं दुपारचा स्वयंपाक व धाकट्या मुलाचें पाहणें आळीपाळीनें आपल्याकडे घेतलें. तिच्या वर्गमैत्रिणी सकाळच्या तासांच्या वह्या तिला नेऊन देतात. वडिलांनीं फारसें कांहीं म्हटलें नाहीं. "बघूं या," एवढेंच म्हणाले.

ती आतां मधल्या सुट्टीनंतर शाळेंत येते. गणितांत ती मागें पडली आहे, तें भरून काढावयाचें आहे. ज्या पालकांच्या घरीं अशीच अडचण असेल, त्यांनीं दाखला मागण्यास येण्यापूर्वीं एक वेळ आम्हांस घरीं बोलवावें, एवढी विनंती आहे.