केसांची गोळी आणि गळ्याची गाठ

लग्नसराईचे दिवस होते. मशीनवर बसले की मापाचा टेप माझ्या गळ्यात असतोच. जाऊबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी घोट घेतला आणि त्या एकदम म्हणाल्या, "थांब गं, परत पी बघू." मी परत प्याले. "टेपाखाली काहीतरी वर सरकतंय तुझ्या." आरशासमोर उभी राहिले, मान जरा मागे टाकली, घोट घेतला. कंठाच्या खाली उजव्या अंगाला आवळ्याएवढी गाठ वर गेली आणि खाली आली. दुखत नव्हती, त्यामुळे किती दिवसांची होती कोण जाणे.

आमच्या बोरगावात अशी बातमी गिरणीतून दळण यायच्या आत गल्लीभर होते. शेजारच्या आक्का म्हणाल्या, गंडमाळ आहे, झाडपाल्याचा लेप लाव. एकीनं कोबी सोडायला सांगितला, दुसरीनं मीठ बदलायला. गंडमाळ म्हणजे मानेत उठणाऱ्या गाठी, पुष्कळदा क्षयाच्या. थायरॉईडची ग्रंथी मोठी होते तो गलगंड. गिळताना वर सरकते ती गाठ बहुधा थायरॉईडची. लेपानं या दोन्हींतलं काहीच जात नाही. मी तरी आठ दिवस लेप लावलाच. आक्कांचं मन कोण मोडणार?

मग जवळच्याच एका दवाखान्यात गेले. नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझी आहे. रक्त तपासलं. टीएसएच फार कमी, टी-फोर जास्त. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड जास्त झालाय. ते कमी करायची गोळी सुरू केली आणि सांगितलं, गाठ मोठी आहे, महिन्याभरात काढून टाकू. सोनोग्राफी नाही, सुईची तपासणी नाही. आमच्या ह्यांनी पैशाची जुळवाजुळव सुरू केली. माझ्या भिशीपर्यंत हात गेला.

तीन आठवड्यांत अंग जड झालं. ऐन उन्हाळ्यात हात गार पडायचे आणि काज-बटण करता करता डुलकी लागायची. मावशी मिरजेत असते. ती म्हणाली, कापायच्या आधी एकदा इकडं दाखव. आमच्या भागात दुखणं अवघड झालं की मिरज गाठायची. वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासूनची ही वहिवाट.

तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी माझे हात पुढे करायला लावले. थरथर नाही. नाडी संथ. वजन घटलेलं नाही, उलट वाढलेलं. "रिपोर्ट एक सांगतोय आणि तुम्ही दुसरंच," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "केस गळतात म्हणून काही घेता का?"

मला लाजच वाटली. सहा महिने मी मेडिकलमधून आणून रोज बायोटिनची गोळी घेत होते, 10 मिलिग्रॅमची. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं.

शरीराला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. माझी गोळी त्याच्या तीनशे पटींहून मोठी. प्रयोगशाळेतली काही यंत्रं हार्मोन मोजताना बायोटिनचाच चिकटवण्यासारखा वापर करतात. रक्तात ते आधीच भरपूर असलं की मोजणी फसते: टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी-फोर खोटंच जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ही गोळी बंद हवी. मोठा डोस असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही गोळ्या थांबवल्या. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, टीएसएच व्यवस्थित. म्हणजे नसलेला आजार मी तीन आठवडे बरा करत होते. आता हे वाचून कुणी आपली थायरॉईड कमी करायची गोळी मनानं बंद करू नका. हार्मोन खरंच जास्त असेल तर पुष्कळदा ती लागते. फक्त ती चालू असताना ताप येऊन घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी घटतात.

टीएसएच आधी का पाहायचं, तेही तेव्हा कळलं. ते खरोखर कमी असेल तर गाठ स्वतःच हार्मोन करते का, हे बघायला वेगळा स्कॅन काढतात. तशी गाठ क्वचितच कर्करोगाची निघते. माझ्यासारखं टीएसएच ठीक असेल तर सोनोग्राफीवर भिस्त. गाठ किती काळपट, कडा कशा, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, यावरून टायरॅड्सचा 1 ते 5 क्रमांक देतात. माझी 3 नंबरची, 2.6 सेंटिमीटर. या क्रमांकाला अडीचच्या पुढे सुई घालून बघतात.

सुईला मी फार भ्याले होते. रक्त काढतात तेवढीच, किंबहुना बारीक. खांद्याखाली उशी, मान मागे, आणि "आता गिळू नका" म्हटलं की नेमका तेव्हाच आवंढा येतो. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं.

रिपोर्ट आला, बेथेस्डा 1. मी घरी येऊन सांगितलं, पहिला नंबर आला! ह्यांनी पेढे आणले. फोनवर कळलं की 1 म्हणजे नमुना अपुरा, काहीच सांगता येत नाही. निर्धोक तो 2. 3 आणि 4 शंकेचे, 5 दाट संशयाचा, 6 म्हणजे कर्करोग. पेढे संपले होते. दुसऱ्यांदा सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली आणि 2 आला. ऑपरेशन टळलं.

सगळ्यांचं टळत नाही. आवाज बसला, गिळायला अडकतं, गाठ भराभर वाढते किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कर्करोग झालाय, अशांनी दिवस घालवू नयेत. ऑपरेशन ठरलंच तर आधी स्वरतंतू तपासून घ्या आणि अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, हे विचारा. पूर्ण काढली तर थायरॉईड हार्मोनची गोळी जन्मभराची. पैशाची अडचण असेल तर कर्नाटकाच्या सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना देऊ केली आहे. आपलं गाव यादीत आहे का, ते दवाखान्यात भरती व्हायच्या आधी बघा.

उलट टोकही सांगते. माझं ऐकून गल्लीतल्या चौघी मानेची सोनोग्राफी करायला निघाल्या होत्या, कुणालाच काही होत नसताना. दक्षिण कोरियात असं सरसकट झालं. 1993 ते 2011 मध्ये तिथं थायरॉईडचे कर्करोग पंधरापट सापडले, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. चौघींना मी चहा पाजून परत पाठवलं.

माझी पुढची सोनोग्राफी वर्षानं आहे. फाईलच्या पहिल्या पानाला त्या केसांच्या गोळीचं रिकामं पाकीट मी टाचून ठेवलंय. डॉक्टरबाईंनी ते काढू दिलेलं नाही.