केबिनच्या काचेतून आपल्याला किती दिसते?

31 जुलैला बंदी संपते आणि 1 ऑगस्टला आपण दर्यात उतरतो. पाऊस मात्र अजून संपलेला नसतो. इंजिन, जाळी, बर्फ, डिझेल सगळे बघून होते, पण केबिनची काच कोणी बघत नाही. म्हणून आज त्याविषयी.

मागच्या मोसमात आमच्याच एका ट्रॉलरच्या नाळेखाली फायबरची होडी येता येता राहिली. पहाटेची वेळ, जोराची सर. होडीत बाप-लेक, हातात एक बॅटरी. नाळेवरचा खलाशी ओरडला म्हणून वाचले. तांडेल तीस वर्षांचा जुना माणूस. तो म्हणाला, "मला काहीच दिसले नाही." ते खरेच होते. आम्ही नंतर केबिनमध्ये बसून पाहिले. समोरच्या काचेवर देवाचा फोटो, हार, दोन स्टिकर, आणि पुढे क्रेटची थप्पी. देव केबिनमध्ये हवाच, पण मागच्या फळीवर बसवला तरी तो आपल्याला सांभाळतोच.

थोडा हिशोब करू. 8 नॉट म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर, सेकंदाला 4 मीटर. पावसात 100 मीटर दिसत असेल तर समोरच्या उभ्या होडीपर्यंत पोचायला जेमतेम 24 सेकंद. त्यात बघायचे, ओळखायचे, सुकाणू फिरवायचे. आणि भरलेला ट्रॉलर रिव्हर्स टाकला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. धुक्या-पावसात वेग कमी करा हे आंतरराष्ट्रीय नियमांतही आहे, आणि डोळ्या-कानाने सतत पहारा ठेवणेही त्यातच आहे.

जीपीएसवर होडी दिसत नाही. रडार असेल तरी लाकडाची किंवा फायबरची लहान होडी पावसाच्या ठिपक्यांत हरवते. तेव्हा माणूसच लागतो. एक खलाशी नाळेवर उभा करा, केबिनची खिडकी उघडी ठेवा. भिजायला होते, पण भोंगा ऐकू येतो.

रात्री केबिनमधला पांढरा दिवा आणि मोबाईल बंद. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि मोबाईलकडे एकदा बघितले की ती मेहनत गेली. डेकवरचे मोठे एलईडी चालू ठेवून परत येऊ नका. पावसाच्या थेंबांवर तो उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, आणि आपले लाल-हिरवे दिवे दुसऱ्याला दिसत नाहीत.

काचेवर मीठ बसते. सकाळी नदीच्या मुखाकडे येताना तोंड पूर्वेला, ऊन सरळ समोर, आणि मिठाची काच दुधासारखी पांढरी होते. बारवर सगळ्यांची गर्दी नेमकी तेव्हाच! आत शिरण्याआधी गोड्या पाण्याने काच धुवा. एक कॅन त्यासाठी वेगळा ठेवा. वायपरचे रबर दर मोसमाला बदला. आतून वाफ धरते तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघडा, हाताने पुसत बसू नका.

भोंग्याचे लक्षात ठेवा: चालत्या बोटीने एक लांब, जाळे ओढणाऱ्या बोटीने एक लांब आणि दोन आखूड, दोन मिनिटांच्या आत पुन्हा. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. होडीवाल्यांकडे भोंगा नसेल तर डबा वाजवा, पण गप्प राहू नका.

आता एक काम जेटीवरच करायचे. तांडेलाने सुकाणूवर बसावे, खलाशाने नाळेला दोरी बांधून होडी सरळ पुढे न्यावी. होडीतल्या माणसाचे डोके दिसेल तिथे दोरीला गाठ मारा. तेवढे अंतर आपण आंधळे असतो. मासळी मागे भरली की नाळ वर उठते आणि अंतर वाढते, म्हणून एकदा रिकामे, एकदा भरलेले मोजा. त्या दिवशीच्या ट्रॉलरची गाठ आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढे पडली.

येत्या रविवारी भरतीच्या वेळी सोसायटीची होडी जेटीवर असेल. दोरी आपापली आणावी.