संगणकाची कार्यप्रणाली आणि आजोबांची फाईल

लकडगंजात लाकूड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधी विचारतो, "काय बनवाचं आहे? चौकट का पलंग?" मग तो लाकूड दाखवतो. संगणक घेताना असा प्रश्न आपल्याला सहसा कोणी विचारीत नाही. यंत्राबरोबर जी कार्यप्रणाली येते तिलाच आपण संगणक समजून बसतो. मीही तशीच समजत होते.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही यंत्र आणि आपले काम यांच्यामधली कारभारीण होय. कळफलकावरचे अक्षर पडद्यावर नेणे, फाईल डिस्कवर ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, ही सारी कामे तिची. कारभारीण बदलली की घर तेच राहते, पण वस्तू सापडण्याच्या जागा बदलतात.

आमच्या घरी २०१५ सालचा संगणक आहे. त्यावर विंडोज १० चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीचा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि नवा प्रोसेसर लागतो. आमच्याकडे दोन्ही नाहीत. चांगले चालणारे यंत्र केवळ एवढ्यासाठी भंगारात काढायचे, हे काही मनाला पटेना.

तेव्हा लिनक्सकडे वळले. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. ती मोफत आहे आणि तिचे अंतरंग कोणालाही पाहता येते. आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही याच कुळातली. मी लिनक्स मिंट निवडले, कारण आमच्या ४ जीबी मेमरीत ते मावते. मोठी सोय अशी की, डिस्कवरचे काहीही न पुसता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. दोन दिवस तसेच चालवले. छपाईयंत्र चालले. इन्स्क्रिप्ट कळफलक तर दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे बोटांना नवे काही शिकावे लागले नाही.

मग आजोबांची फाईल उघडली. लाकडाच्या धंद्यातल्या आठवणी त्यांनी २००३ साली मराठीत टंकून ठेवल्या होत्या. पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मी लिनक्सला मनसोक्त दोष दिला. पण तीच फाईल मैत्रिणीच्या नव्या विंडोजवर नेली, तर तिथेही खिचडीच.

दोष कार्यप्रणालीचा नव्हताच. त्या काळच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. संगणक मनात 'डी' धरून असे. 'क' दिसे तो फक्त त्या फाँटच्या कृपेने. तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो विंडोजवर, लिनक्सवर आणि मोबाईलवर एकच. म्हणून माझ्या मते वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीच्या आधी आपले मराठी कोणत्या संकेतात साठवले आहे ते पाहावे. संकेत युनिकोड असेल तर कारभारीण कधीही बदलता येते. नसेल तर महागडी नवी प्रणालीही उपयोगाची नाही.

बाबांचा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठीच बनवलेला आहे. ते म्हणाले, "माझी बिलं थांबली नाही पाहिजेत, बाकी तू पाह्य." म्हणून सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढून एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवल्या. विंडोजला आता इंटरनेट जोडत नाही. ते केवळ हिशेबापुरते. बाकी सारे मिंटवर.

आजोबांची फाईल परिवर्तक प्रोग्रामने युनिकोडमध्ये आणली आहे, पण जोडाक्षरांत चुका फार. रोज दोन पाने तपासते. ते सागाच्या लिलावासाठी परतवाड्याला जात, त्या प्रकरणात प्रोग्रामने 'मेळघाटच्या दऱ्या' हे 'मेळघाटच्या दर्या' करून ठेवले होते. काल तेवढे सुधारले. अजून अकरा पाने राहिली आहेत.